मार्थाबाईंचा कायाकल्प

लिहून देणार : नारायण बापूजी दळवी, धंदा अर्जनवीस, वय वर्षे एक्कावन्न (हे वय खरे आहे, असे मुद्दाम का नमूद करावे लागते ते पुढे येईल). बसण्याची जागा : तालुक्याच्या कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, पूर्वेची बाजू.

ज्यांच्या संबंधाने : मार्थाबाई, धंदा सुईण, राहणार सोनई, जिल्हा अहमदनगर. वय : हा रकाना तूर्त कोरा ठेवला आहे.

साक्षीदार : एक, पुणतांब्याचे गोविंदशास्त्री वैद्य, हल्ली हयात नाहीत. दोन, दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, बदली होऊन गेले. तीन, शिवणाची सुई एक व दोरा हातभर.

तारीख : युद्ध चालू होते, रॉकेल कार्डावर मिळे आणि अर्जाचा कागद दोन्ही अंगांनी लिहावा लागे. याहून नेमकी तारीख माझ्यापाशी नाही, ही गोष्ट माझ्या धंद्याला कमीपणा आणणारी आहे याची मला जाणीव आहे.

विषय : 'कायाकल्प' या शब्दाचा अर्थ, उगम व वापर, आणि त्याच्या आडोशाला माझ्या हातून घडलेला अपराध.

मेहेरबान वाचकांस विनंती विशेष.

ज्यांना कचेरीची पायरी कधी चढावी लागली नाही अशा भाग्यवंतांसाठी प्रथम धंदा सांगतो. माणसाला सरकारकडून काही हवे असते, नाही तर सरकारने मागितलेले काही चुकवायचे असते. त्याचे म्हणणे त्याच्या तोंडात आडवेतिडवे पडलेले असते. ते सरळ करावे, त्याची कलमे पाडावीत, पहिल्या ओळीत साहेबांना चढवावे, शेवटच्या ओळीत पक्षकाराला वाकवावे आणि खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, हे अर्जनवीसाचे काम. त्यासाठी सरकारी परवाना लागतो. माझ्यापुढे एक उतरते मेज, पितळी दौत आणि बसायला पोते असते. पक्षकार समोरच्या दगडावर बसतो. त्या दगडावर बसून माणसे जे बोलली ते सगळे लिहिले असते तर कचेरीचे छप्पर उडाले असते; परंतु मी निवडून लिहितो.

माझे शिक्षण मराठी पाचवीपर्यंत झाले. सहावीत वडील वारले. तथापि माझी मोडी अशी वळणदार होती, की जुने शिरस्तेदार नव्या कारकुनांपुढे माझा कागद धरून म्हणत, "हे पाहा आणि लाजा." शब्दांचाही मला लहानपणापासून नाद. जड शब्द दिसला की तो मी वहीत टिपून ठेवी आणि योग्य अर्ज येताच वापरी. योग्य अर्ज न आल्यास आलेल्या अर्जात वापरी.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. एका गृहस्थाची म्हैस हरवली. त्याला शिंगणापूरच्या शनिदेवाच्या नावे अर्ज हवा होता, आणि तो कच्चा नको, कोर्ट-फीचे तिकीट लावलेला हवा होता. मी म्हटले, "देवाला तिकीट कशाला?" तो म्हणाला, "नाना, बिनतिकिटाचा अर्ज कुनी वाचत न्हाई, ह्ये तुमीच मला मागच्या साली सांगितलं." माझेच वाक्य माझ्या अंगावर आले. मी अर्ज लिहिला. म्हशीचे वर्णन, शिंगांचा आकार, हरवल्याची वेळ, सगळे कलमवार. चौथ्या दिवशी म्हैस आपली आपण परत आली. त्यानंतर वर्षभर मला देवाकडचे अर्ज लिहावे लागले.

आता वयाविषयी. अर्जात वयाचा रकाना असतो आणि आमच्या भागात जन्मतारीख म्हणजे "मोठा पूर आल्ता, त्याच्या आदल्या साली." पक्षकाराला विचारावे तर तो म्हणे, "लिवा की, तुमाला काय दिसतंय त्ये." तेव्हा मीच ठरवी. ज्याला सूट, जागा किंवा दया हवी त्याचे वय मी दहा-पंधरा वर्षांनी वाढवी. ज्याला चाकरी हवी त्याचे तितकेच उतरवी. चाळिशीच्या माणसाची कीव कोणाला येते? पंचावन्नच्या माणसाची थोडी येते. सत्तरीच्या माणसासाठी साहेब स्वतः पाणी मागवितात. ही युक्ती मला कोणी शिकविली नव्हती. ती माझी स्वतःची होती आणि मला तिचा अभिमान होता. कोणाचे नुकसान होत नाही, असे मी म्हणत असे.

'कायाकल्प' हा शब्द मला फुटाण्यांच्या पुडीच्या कागदावर मिळाला. 'अवघ्या चाळीस दिवसांत कायाकल्प' अशी कुठल्याशा औषधाची जाहिरात होती. अर्थ मी आजूबाजूच्या मजकुरावरून बांधला : जुने होते ते नवे होणे. शब्द भारदस्त होता, उच्चारताना तोंड भरत असे. मग चावडीच्या गळक्या छपराचा कायाकल्प, पडक्या बारवेचा कायाकल्प, सोनईच्या वाटेवरील खड्ड्यांचा कायाकल्प, असा तो मी पाच-सहा वर्षे सढळ हाताने वापरला. एकदा 'सरकारी वळूचा कायाकल्प व्हावा' असे लिहिले, तेव्हा वरून शेरा आला : 'वळू बदलून पाहिजे की औषध पाहिजे, याचा खुलासा व्हावा.' त्याने मी सावध व्हायला हवे होते. मी झालो नाही.

मार्थाबाई एका बाजाराच्या दिवशी माझ्याकडे आल्या. त्या ख्रिस्ती, लहानपण नगरला मिशनच्या आश्रमात गेलेले, सुइणीचे कामही तिथल्याच दवाखान्यात शिकलेल्या. अंगाने किरकोळ, लुगड्याचा पदर घट्ट खोचलेला, बोलणे तोडून. सोनई आणि भोवतालच्या वाड्यांवर त्यांच्या हातावर जन्मले नाही असे घर सापडणे कठीण. कित्येक घरांत त्यांना पाण्याचा तांब्या वेगळा दिला जाई आणि नवे बाळ मात्र पहिल्याने त्यांच्याच हातात येई. त्याबद्दल त्या काही बोलत नसत. आम्हीही बोलत नसू.

त्यांनी कागद माझ्यापुढे टाकला. "नाना, ह्ये वाचा. मला बाळबोध येतं, पर ह्या मोडीचं शेपूट कुटं आन डोकं कुटं त्ये उमजत न्हाई."

नोटीस होती. दवाखान्याच्या यादीवरील ज्या सुइणींचे वय साठाच्या वर आहे त्यांची नावे कमी करण्यात येत असून, मार्थाबाईंचे वय तालुका कचेरीच्या दप्तरावरून पासष्ट असल्याने त्यांनी दिलेली पेटी दवाखान्यात जमा करावी.

"पासष्ट?" मार्थाबाई म्हणाल्या. "कोन म्हनतं?"

"दप्तर म्हणते."

"दप्तर काय माझी आई हाय व्हय?"

पेटी म्हणजे हिरव्या पत्र्याची, पितळी कडीची एक लहान ट्रंक. तिच्यात कातर, उकळलेला दोरा, औषधी साबण, ब्रश आणि मेणकापडाचा तुकडा. यादीवर नाव असेपर्यंत साबण-दोरा दवाखान्यातून मिळे. मला वाटले, बाईंना मान गेल्याचे दुःख आहे. तसे मी बोललोही.

"मान राहू द्या तुमच्या मेजावर," त्या म्हणाल्या. "माझी पेटी गेली तर लोक पुन्ना इळ्यानं नाळ कापतील. ज्या इळ्यानं गवत कापलं, त्याच इळ्यानं. आठव्या दिशी प्वार धनुष्यासारकं वाकडं हुतं. मी बगितल्यात तसली पोरं. पेटी आल्यापासनं माझ्या हातचं एक न्हाई गेलं तसं. आता तुमी अर्ज लिवा, आन असा लिवा की पेटी जागची हालली न्हाई पायजे."

त्या बोलत होत्या आणि मी नोटिशीतला पासष्टचा आकडा पुन्हा पुन्हा वाचीत होतो. दप्तरात पासष्ट कोठून आले हे तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होते.

त्याच्या दहा वर्षे आधी मार्थाबाईंचे यजमान वारले होते आणि त्यांची झोपडी सडकेच्या आखणीत येत होती. तेव्हाही अर्ज मीच लिहिला होता. 'अर्जदार बाई वृद्ध, वय वर्षे पंचावन्न, दृष्टी अधू, हातपाय लटपटणारे, निराधार.' बाई तेव्हा फार तर चाळिशीच्या असतील. अर्ज मंजूर झाला, सडक दोन हात सरकली, झोपडी राहिली. मोडीत लिहिलेल्या त्या मजकुराखाली बाईंनी विश्वासाने ठळक बाळबोधीत, म्हणजे देवनागरी अक्षरांत, सही केली होती : 'मार्था.' मी वाचून दाखविताना वय आणि दृष्टीचे कलम गाळले होते. कोणत्याही बाईला ते आवडत नाही, असा माझा अनुभव.

त्या वेळी खरे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. मी दौत उघडली, बोरू बुडविला आणि लिहिले : 'अर्जदार बाई हिचा ईश्वरकृपेने कायाकल्प झाला असून ती पुनश्च तरुण स्त्रीप्रमाणे दृष्टीने तीक्ष्ण व हातापायांनी चपळ झाली आहे.' वाक्य मला फार आवडले. जुना अर्जही खरा राहत होता, नवाही खरा होत होता.

आठवड्याने डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावले. ते तरुण होते, नवे होते, मोडी त्यांना येत नव्हती. कारकून शेजारी उभा होता. टेबलावर माझे दोन अर्ज एकमेकांशेजारी ठेवलेले. एकच अक्षर, एकच वळण. इतक्या सुबक अक्षराचा मला त्यापूर्वी कधी राग आला नव्हता.

"वाचा," डॉक्टर कारकुनाला म्हणाले. कारकुनाने जुना अर्ज मोठ्याने वाचला. वृद्ध. पंचावन्न. दृष्टी अधू. लटपटणारे हातपाय. मग नवा वाचला.

मार्थाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी भिंतीवरच्या डोळे तपासण्याच्या तक्त्याकडे पाहत होतो.

"हा कायाकल्प म्हणजे काय?" डॉक्टरांनी मला विचारले. आवाज शांत होता. "मी वैद्यकाची पाच वर्षे घासली, त्यात हा आला नाही. कोणी केला, कोठे केला, किती दिवस चालला? आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, शब्दाच्या अर्थासकट. समाधान झाले नाही तर पेटी जमा होईल आणि खोटा मजकूर दिल्याबद्दल पुढची कारवाई होईल."

"कारवाई कोनावर, सायेब?" मार्थाबाईंनी विचारले.

"सही ज्याची असेल त्याच्यावर."

बाहेर आल्यावर बाई कडुनिंबाखाली माझ्या पोत्याजवळ थांबल्या. "नाना, त्या साली मी अकरा बाळंतपनं केली हुती. आन तुमी मला आंदळी लिवलं."

"झोपडी वाचली ना, मार्थाबाई."

"वाचली. म्हनून तर तोंड उगडत न्हाई मी. तुमचं उपकार हाईत माझ्यावर, ही तर पंचाईत हाय."

पुणतांब्यास गोदावरीच्या घाटाजवळ गोविंदशास्त्री नावाचे वृद्ध वैद्य राहत. शब्दाचा अर्थ सांगणारे दुसरे कोणी मला सुचेना. मी एकटाच जाणार होतो, पण बाई म्हणाल्या, "मी बी येते. तुमी एकले गेला तर तितनं आनखी एक खोटं बांदून आनाल." बेलापूर स्टेशनापर्यंत मोटार आणि तेथून आगगाडी, असे आम्ही गेलो. गाडीत त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी खिडकीतून ऊस पाहत होतो.

शास्त्रीबुवा ओट्यावर खलात काहीतरी कुटत बसले होते. मार्थाबाई पायरीवर बसल्या. मी माझी ओळख सविस्तर करून देऊ लागलो, तोच शास्त्री म्हणाले, "ते कळले. प्रश्न काय आहे?"

प्रश्न ऐकून ते हसले. त्यांच्या तोंडात एकच दात होता.

"काया म्हणजे शरीर, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कल्प म्हणजे रीत, विधी. पण त्या शब्दाच्या मुळाशी गेलात तर अर्थ निघतो जुळवून आणणे, लायक करणे. जी काया कामाला लायक राहिली नाही ती पुन्हा लायक करण्याची रीत, तो कायाकल्प. जुन्या ग्रंथांत या प्रकाराला रसायन म्हणतात. आम्ही वैद्य आपसांत नुसते कल्प म्हणतो. दुधाचा कल्प, ताकाचा कल्प. रोज थोडे वाढवीत न्यायचे, मग थोडे थोडे उतरवायचे, दुसरे काही पोटात घालायचे नाही. हल्ली वर्तमानपत्रवाल्यांनी शब्द उचलला आहे आणि तुमच्यासारख्यांनी वर्तमानपत्रांतून."

मी ते टिपून घेतले. शेवटचे वाक्य सोडून.

"आणि तरुण होतो तो कसा?" मी विचारले.

"त्याची रीत मोठी आहे. एक कुटी बांधायची. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशी तीन गर्भांची. सर्वांत आतल्या गर्भात माणूस ठेवायचा. तिथे ऊन नको, वारा नको, धूर नको, कोणाची भेट नको. ठरलेले औषध, ठरलेला आहार. दिवस मोजायचे. मग म्हणे जुने दात पडतात, केस गळतात, नखे सुटतात, कातडी सोलून निघते. माणूस मांसाच्या गोळ्यासारखा होतो. नंतर एकेक नवे येऊ लागते. बाहेर पडतो तो तरुण होऊन. देवांच्या वैद्यांनी एका जराजर्जर ऋषीला असे तरुण केल्याची कथा आहे. त्याच्या नावाचा अवलेह तुम्ही थंडीत चाटता."

मार्थाबाई पायरीवरून जरा पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "ही तर बाळंतिनीची खोली झाली, बाबा. तितंबी वारा नगं, ऊन नगं, कुनाची भेट नगं. आतल्या आत अंदार. आन भाईर येतो त्यो बिनदाताचा, बिनकेसाचा."

शास्त्रीबुवांचा हात खलात थांबला. "बाई, चाळीस वर्षे ही पोथी वाचतो आहे. गर्भ हा शब्द तिच्यात लिहिलेला आहे आणि मी भिंतीच मोजीत बसलो."

"असा कुनी भाईर आल्याला तुमी सोता बगितला का?"

"नाही. बघितला असता तर माझ्या तोंडात एकच दात राहिला असता का?"

दोघे हसले. मी हसलो नाही, कारण आठ दिवसांपैकी तीन संपले होते. मी शास्त्रीबुवांना परिस्थिती सांगितली आणि विनंती केली, की या बाईंना आपण काही कल्प दिला व त्याने गुण आला, एवढे दोन ओळींत लिहून द्यावे. शास्त्रीबुवांनी क्षणभर बाईंकडे पाहिले. मग म्हणाले, "पेटीसाठी आहे ना? देतो. या वयात मला कोण विचारायला येतो आहे? आणा कागद."

"नगं," मार्थाबाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्याच भल्याचे आहे," मी म्हटले.

"नाना, बाळ झालं की मी पाटलाच्या चावडीवर जाऊन सांगते, अमक्या दिशी, अमक्या वक्ताला, मुलगा का मुलगी. पाटील माझं तोंड बघून लिवून घेतो. एकदा एकीनं मला सांगितलं, दोन दिस मागं लिवा, अवस टळंल. न्हाई म्हनलं मी. लोकांच्या जल्माची नोंद खरी द्यायची आन सोताची अशी? एक खोटं झाकाया दुसरं, दुसरं झाकाया तिसरं. तुमची बी तीन भितींची कुटीच हाय की."

मी पुढे केलेला कागद शास्त्रीबुवांनी हळूच माझ्याकडे परत सरकविला. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे दिसले.

"तुमचे खरे वय तरी काय?" त्यांनी बाईंना विचारले.

"कोनाला ठावं? छपन्नच्या मोट्या दुष्काळात मला आश्रमात आनलं. पादरीसायबानं अंदाजानं लिवलं हुतं, त्यो कागद बी वाळवीनं खाल्ला. मला येवडंच याद हाय, की भाताची खाचरं हुती, पाणी न्हवतं त्यांच्यात. कुन्या मानसानं मला खांद्यावरनं खाली ठिवलं आन म्हनला, ठके, हितं बस, मी आलोच. म्हंजी आमी अकोले तालुक्याकडचे असू, आसं पादरीसायब म्हनायचे. तिकडंच भात." त्यांनी वरच्या ओठाला बोट लावले. "आन वरले दोन दात पडले हुते. आश्रमातल्या पोरी मला बोळकी म्हनायच्या."

मी कागदावर आकडे मांडले. दुधाचे वरचे दोन दात पडतात ते सातव्या वर्षाच्या सुमारास. छपन्न हे संवताचे साल, इसवी सनाचे नव्हे; त्या दुष्काळाला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. बाई पन्नाशीच्या. इतका सरळ हिशेब, आणि दहा वर्षांपूर्वी तो करायला मला पोत्यावर बसल्या बसल्या एकच प्रश्न विचारायचा होता.

परतताना गाडीत मी खुलासा लिहिला. आयुष्यात प्रथमच मी सरकारी कागद बाळबोधीत लिहिला, कारण तो बाईंना वाचता यायला हवा होता. माझी बाळबोध शाळकरी मुलासारखी आहे. त्या कागदावर मी लिहिले, की कायाकल्पाचा अर्थ अमुक, उगम अमुक. असा कोणताही विधी या बाईंवर झालेला नाही. जुन्या अर्जातील वय व व्यंगे ही प्रस्तुत अर्जनवीसाने अनवधानाने लिहिली असून बाईंना त्याची माहिती नव्हती.

बाईंनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. एका शब्दावर बोट थांबले. "ह्ये काय? अनवदानानं?"

"म्हणजे चुकून."

"चुकून लिवलं हुतं तुमी?"

मग मी तो शब्द खोडला आणि वर लिहिले : 'दया यावी म्हणून, जाणूनबुजून.' पंचवीस वर्षांच्या माझ्या लेखनात याहून साधे वाक्य मी लिहिलेले नाही. खाली सही केली. एकट्याचीच.

डॉक्टरसाहेबांनी खुलासा दोनदा वाचला. "याने तुमचा परवाना जाऊ शकतो, कळते ना?"

"होय, साहेब."

"आणि वयाला पुरावा काय? दुधाचे दात?"

"दुसरा नाही."

त्यांनी टेबलाचा खण ओढला, शिवणाची एक बारीक सुई आणि पांढरा दोरा काढून बाईंपुढे ठेवला. बाईंनी सुई उजेडाकडे धरली सुद्धा नाही. दोरा ओठांत ओला केला, बोटांत वळला आणि पहिल्याच खेपेला नेढ्यातून पार. मग तोच दोरा काढून घेऊन डोळे मिटले, आणि टेबलावरच्या रुळाला, नाळेला मारतात तशी गाठ मारून दाखविली. डॉक्टरांनी गाठ ओढून पाहिली. ती सरकली नाही.

"डोळ्याचं काम थोडं असतं, सायेब," त्या म्हणाल्या. "पर डोळं बी हाईत."

"दृष्टी अधू हे कलम कोणाचे, मग?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि सुई-दोरा माझ्या हातात दिला. "तुम्ही ओवा."

मी प्रयत्न केला. खिडकीजवळ गेलो, हात लांब केला, जवळ आणला. नेढे मला दिसतच नव्हते. कारकून खोकला. त्या दिवशी माझे वय पंचेचाळीस होते आणि चष्म्याची गरज आहे हे मी दोन वर्षे स्वतःपासून लपवीत होतो.

"नाना," मार्थाबाई म्हणाल्या, "तुमचंच वय लिवा आता त्या रकान्यात."

डॉक्टर हसले, आणि ते हसले तेव्हा पेटी राहणार हे मला समजले. यादीवरील त्यांच्या नावासमोर त्यांनी लिहिले : 'काम करण्यास लायक.' शास्त्रीबुवांनी सांगितलेला अर्थ त्या इंग्रजी शिकलेल्या तरुणाच्या लेखणीतून आपसूक उतरला होता. कल्पाचे मूळ लायक करण्यात आहे. वर्षांच्या आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो शेरा मी नंतर नकलून घेतला. अजून माझ्या मेजात आहे.

माझा परवाना सहा महिने काढून घेण्यात आला. योग्यच झाले. त्या सहा महिन्यांत मी घरी बसून माझ्या अर्जांच्या जुन्या नकला चाळल्या आणि जिथे जिथे कोणाला म्हातारे, आंधळे, लंगडे केले होते तिथे खूण केली. खुणा इतक्या झाल्या, की तालुक्यात निरोगी माणूस उरला नव्हता. पुष्कळांना शोधून मी सांगितले. काही हसले. एकजण रागावला, त्याला पंचवीस वर्षे मी दम्याचा रोगी ठेवले होते. काही भेटायच्या आतच खरोखर म्हातारे होऊन गेले. त्यांचे मला वाईट वाटते.

परवाना परत मिळाल्यावर मी चष्मा लावून बसलो. तेव्हापासून दगडावर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न वयाचा विचारतो, आणि त्याला ठाऊक नसेल तर दात, पूर, दुष्काळ, लग्न, सगळे विचारून मग आकडा लिहितो. यात वेळ फार जातो. पण त्या निमित्ताने लोक मला जे सांगतात ते पूर्वी कधी सांगत नव्हते. 'कायाकल्प' हा शब्द मी पुन्हा कोणत्याही अर्जात वापरला नाही. छपराला दुरुस्ती म्हणतो, खड्ड्यांना मुरूम. तरी तो शब्द माझ्यावर रुसलेला नाही असे वाटते. कोणी मला विचारले, की तुम्ही कोणाचा झालेला पाहिला का, तर मी शास्त्रीबुवांसारखे 'नाही' म्हणणार नाही. आगगाडीच्या डब्यात, एक शब्द खोडताना, एका अर्जनवीसाचा थोडासा झाला होता. दात मात्र जुनेच आहेत.

मार्थाबाई अजून काम करतात. गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या मुलीला त्यांनीच मोकळी केली. माझ्या घरात त्यांना पाणी आमच्याच तांब्यातून दिले. हे लिहिण्यात मोठेपणा नाही, उशीर झाला एवढेच त्यातून दिसते. बाळ माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "घ्या नाना, ह्याचं वय बराबर लिवा. आज एक दिस." आणि मग पेटी बंद करता करता, माझ्याकडे न बघता, "माझं बी कुटंतरी लिवल्यालं असंल न्हाई?"

सबब हा अर्ज.

छपन्नच्या दुष्काळात, अकोले तालुक्याच्या भाताच्या मुलखातून, एका पुरुषाच्या खांद्यावर बसून निघालेली, वरचे दोन दुधाचे दात पडलेली, ठकी नावाची मुलगी ज्या कोणाच्या घरची असेल, किंवा तिला 'मी आलोच' असे सांगून गेलेल्या माणसाची हकीकत ज्या कोणाच्या घरात अजून बोलली जात असेल, त्यांनी कृपा करून खालील पत्त्यावर चार ओळी लिहाव्यात. तो माणूस परत का आला नाही, याचा जाब बाईंना नको आहे. तसे त्यांनी मला स्पष्ट बजावले आहे. गावाचे नाव, आईचे नाव आणि जन्माचे साल, एवढे कळले तरी पुरे. पत्र शक्यतो बाळबोधीत असावे. त्या स्वतः वाचतील.

वयाचा रकाना मी तोवर कोरा ठेवीत आहे. तो भरला जावा आणि योग्य तो न्याय व्हावा, येणेप्रमाणे विनंती.

नारायण बापूजी दळवी, अर्जनवीस
तालुका कचेरीसमोर, कडुनिंबाखाली
मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे : मार्था